सुतळीची खाडी

सहावीच्या वर्गाला मी भूगोल शिकवत होते, आणि पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची जिला जन्मापासून दिसत नव्हतं. पनवेलच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. वडील न्हावा शेवा बंदरात कामाला, आई बाजारात मासळी विकायची आणि आजोबांची स्वतःची छोटी होडी होती. पोरगी बोलायला फटकळ आणि कानाने भलतीच तिखट. मी फळ्यावर लिहायला लागले की खडूच्या आवाजावरून म्हणायची, "बाई, आज लई लिवताय तुमी."

दर मंगळवारी आमच्या शाळेत एक विशेष शिक्षिका यायच्या. कळंबोलीपासून विचुंब्यापर्यंतच्या शाळांमधली न दिसणारी मुलं त्यांच्याकडे होती. स्कूटरवर पुढे एक जड पिशवी, त्यात ब्रेलची पाटी, टोचणी, जाड कागदांचा गठ्ठा. मुलीला पाठ्यपुस्तक ब्रेलमध्ये मिळालं होतं, पण नकाशाच्या जागी त्यात नुसतं वर्णन होतं. मी एकदा त्यांना म्हटलं, "नकाशाचं पान आलं की हिचं तोंड बंद होतं. एरवी कधी होत नाही."

"मग द्या ना तिला नकाशा करून," त्या म्हणाल्या. "घरातल्याच वस्तू लागतात."

त्या शनिवारी मी डायनिंग टेबल अडवून बसले. पुठ्ठ्यावर आमच्या परिसराचा नकाशा काढला. खाडीसाठी जाड सुतळी, डोंगरांना पॉलिश पेपर, गावांसाठी मोहरीचा एकेक दाणा. रेल्वेला काय लावावं ते सुचेना. शेवटी जुन्या जॅकेटची चेन उसवून चिकटवली आणि स्वतःवरच इतकी खूश झाले की नवऱ्याला डोळे मिटायला लावून त्याचं बोट चेनवरून फिरवलं. सोमवारी शाळेत कधी जाते असं झालं होतं.

मुलीने नकाशावर हात ठेवला आणि सगळा वर्ग माना उंचावून बघायला लागला. चेनवर बोट येताच ती खिदळली. "ही रेल्वे ना? दात हायत हिला!" मग बोट सुतळीवर गेलं. पुढे सरकलं, थांबलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं.

"बाई, खाडी चुकली."

"चुकली कशी? मी पुस्तकात बघून केलीय."

"पुस्तक जुनं असंल. इमानतळाच्या कामात तिथं भराव पडला. पानी आता तिथनं जात नाय. आमी इकडनं वळतो." आणि तिने कोऱ्या पुठ्ठ्यावर नखाने एक रेघ ओढली.

खरं सांगायचं तर आधी मला राग आला. दोन दिवसांची मेहनत होती. पण ती रेघ इतकी ठाम होती की राग टिकला नाही. अकरा वर्षं मी नवीन पनवेलमध्ये राहत होते, आणि खाडी पाहिली होती ती पुलावरून, रिक्षातून जाताना.

"तुला कसं कळतं गं, होडी कुठे वळते ते?"

"होडीत बसल्यावर कळतंच की." या प्रश्नात विचारण्यासारखं काय आहे, असा तिचा चेहरा.

"मला दाखवशील?"

मागच्या बाकांवरून एकच गलका उठला, "बाई, आम्ही पण!" मुख्याध्यापिकांनी पोरांना नाही म्हटलं. मला आणि विशेष शिक्षिकेला परवानगी दिली, तीही सगळ्यांनी लाइफ जॅकेट घालायच्या अटीवर.

रविवारी सकाळी आम्ही दोघी धक्क्यावर पोचलो. आजोबा होडीचं मशीन चालू करून वाटच बघत होते. "भरती लागली, बसा बाई. हाललं तरी उठू नका." मी दोन्ही हातांनी होडीची कड धरली ती परत येईपर्यंत सोडली नाही. मुलगी मात्र पुढच्या टोकाला, वाऱ्याला तोंड देऊन बसली होती. वर्गातल्या बाकावर ती कधी इतकी ऐसपैस बसलेली मी पाहिली नव्हती.

"आता पूल येनार," ती म्हणाली. क्षणभराने पुलाची सावली अंगावर आली.

"कशावरून ओळखलंस?"

"मशीनचा आवाज डब्यात शिरल्यावानी होतो. ऐका ना."

मी ऐकलं. खरंच, डब्यात शिरला होता. पूल मागे पडला तसा तो पुन्हा मोकळा झाला आणि मी लहान मुलीसारखी ओरडले, "गेला! बाहेर गेला!" आजोबा हसायला लागले.

पुढे तिने डावा गाल दाखवला. "इथं वारा बंद झाला का नाय? मंजे खारफुटी आली." वळून पाहिलं तर डावीकडे हिरवी भिंत उभी. मग चिखलाचा वास आला, मग तो कमी झाला, आणि ती एकदम ताठ झाली. "आजा, आता!"

आजोबांनी होडी वळवली. मला म्हणाले, "माजे डोळे हायत, तरी हिनं सांगितल्याबिगर मी वळत नाय. मंग ती रुसते."

मी धीर करून एका हाताने फोन काढला आणि त्यातला नकाशा उघडला. निळा ठिपका आम्ही जिथे होतो तिथे लुकलुकत होता, आणि तो वळत होता अगदी तिच्या नखाच्या रेघेसारखा. विशेष शिक्षिकेला फोन दाखवला. त्यांनी माझा दंड घट्ट दाबला. खाडीची वळणं टिपून घ्यायला आणलेली वही आम्हा दोघींना आठवलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गाने नकाशा नव्याने करायला घेतला. तीन तास आणि दोन मधल्या सुट्ट्या गेल्या. शिंप्याच्या मुलीने नवी कोरी चेन आणली, कोणी खारफुटीसाठी भांडी घासायचा स्पंज आणला, हायवेला साडीची लेस लागली. मुलगी मधोमध उभी राहून हुकूम सोडत होती. "डोळे मिट आन् मंग सांग, खाडी कुठं संपते." सगळे डोळे मिटून एकमेकांच्या बोटांवर आदळत होते. विशेष शिक्षिकेने ब्रेलमधल्या चिठ्ठ्या चिकटवल्या. पाचवीची मुलं दारात रांग लावून उभी राहिली. मी कुणालाही रागावले नाही, इतकी त्या दिवसांत मी मजेत होते.

मग सत्राची परीक्षा आली. न दिसणाऱ्या मुलांना नकाशाऐवजी लेखी प्रश्न द्यायची पद्धत आहे. मी तिला तसं सांगितलं, तर ती म्हणाली, "मला नकाशाच पायजे."

मी विशेष शिक्षिकेला घेऊन मुख्याध्यापिकांकडे गेले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तो प्रश्न तिच्या सोयीसाठी आहे. तिला नको असेल तर सक्ती कशाला? पण खुणा कशा करणार ती?"

"टाचण्यांनी," मंगळवारच्या बाई म्हणाल्या. त्यांनी थर्मोकोलवर नावं नसलेला नकाशा केला आणि पाच टाचण्यांना ब्रेलची नावं लावली.

परीक्षेच्या दिवशी मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते. तिने सुरुवात खाडीपासून केली. न्हावा शेव्याची टाचणी दोन सेकंदांत टोचली. मग पनवेल स्टेशन, कळंबोली, विचुंबे. एकेक टाचणी आत जाताना मी मनातल्या मनात उडी मारत होते. कर्नाळ्याची टाचणी हातात घेऊन ती बराच वेळ थांबली आणि शेवटी रस्त्याच्या भलत्याच बाजूला लावली.

पाचपैकी चार गुण दिले तर भांडायला आली. "कर्नाळ्याला मला कोनी नेलंच नाय. यात माजी काय चूक?"

मुख्याध्यापिका दारात उभ्या होत्या. खो खो हसल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. यंदाची सहल कर्नाळ्याला." गुण मात्र मी वाढवला नाही.

पालकसभेला तिची आई बाजारातून थेट आली. हात पदराला पुसत दारातच विचारलं, "बाई, ही नकाशा वाचते मंतात, खरं हाय?"

मी उत्तर देण्याआधीच मुलीने आईला ओढत नकाशाच्या टेबलाशी नेलं. "डोळे मिट, आये." आईने लाजत डोळे मिटले. मुलीने तिचं बोट धरून मोहरीच्या एका दाण्यावर ठेवलं. "हे आपलं घर."

"यवढंसं?"

"यवढंसंच असतं. आता ही खाडी. चल. इथं पूल. इथं वळायचं. आन् हितं बाबा कामाला." आईचं बोट बंदरावर पोचलं आणि तिथेच थांबलं. नवरा रोज जातो ती जागा घरापासून कुठे आहे, ते बहुधा तिला पहिल्यांदाच कळत होतं. तिचे डोळे मिटलेलेच होते, आणि ओठ हलत होते.

मुलीने हात सोडला. "आता परत घरी ये. एकटी."

आई निघाली, आणि थेट रेल्वेवर जाऊन अडकली. मुलीच्या हसण्याने सभा थांबली.