माझा पहाटेचा नेम

रायपूरच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात मला सगळे मोठी धार्मिक बाई समजत. चारच्या आधी उठते, सडा टाकते, रांगोळी काढते, देवळाचं दार उघडायच्या आत फुलं घेऊन हजर! समोरच्या छत्तीसगढी बाई तर आपल्या सुनांना माझाच दाखला द्यायच्या, "दीदी को देखो, कुछ सीखो." मी मान खाली घालून हसायचे. खरं काय ते आता सांगते. मी पहाटे उठत नव्हतेच. उठायला आधी झोपावं लागतं.

मध्य प्रदेशातून छत्तीसगढ वेगळं निघून रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं तेव्हाची गोष्ट. शंकर नगरात नवनव्या ऑफिसांच्या पाट्या लागल्या, घरभाडी वाढली, लोक खुशीत होते. आमच्या घरात मात्र एका यादीची धास्ती शिरली. सरकारी नोकरांची दोन राज्यांत वाटणी चालली होती. माझा मुलगा इथेच सरकारी ऑफिसात बाबू, पण त्याचं नाव भोपाळच्या यादीत जाणार अशी कुजबुज होती. ह्यांना जाऊन तीन वर्षं झालेली. मुलगा-सून भोपाळला गेली म्हणजे घरात मी आणि चार भिंती. दिवसा मी म्हणायचे, "जाईना का, मले काय धाड भरली!" आणि रात्री एक वाजला तरी डोळे टक्क उघडे. छातीत धडधड. कडी लावली का, गॅस बंद केला का, पडले तर उचलेल कोण, मेले तर कळेल कोणाला. तीनपर्यंत हेच. मग अंथरूण खायला उठायचं, तेव्हा झाडू हातात घ्यायचे.

भीतीनं झोप लागत नाही हे सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? सगळा जन्म खमकी म्हणून मिरवलेली बाई मी! शेजारच्या एकीनं विचारलं, इतक्या लवकर कशा उठता, तर तोंडातून निघून गेलं, "नेम आहे माझा." झालं! एकदा नेम म्हटला की तो सोडता थोडाच येतो. शिवाय कौतुक गोड लागलं. लागलं, खोटं कशाला बोलू.

सून अमरावतीकडची, लग्नाला वर्षच झालेलं, डोक्यानं हुशार. नव्या राज्यात भरती निघाली होती आणि ती परीक्षेच्या मागे लागली होती. तिला इथे नोकरी लागली असती तर नवरा-बायको एकाच राज्यात ठेवा म्हणून मुलाला अर्ज करता आला असता. म्हणजे माझ्या झोपेचं औषध तिच्या पुस्तकांत होतं. मला हे कळत होतं. तरीही मी काय केलं?

ती बारापर्यंत वाचायची, सहाला उठायची. मी टोमणे मारायचे. "आमच्या घरात उन्हानं उठवायची रीत नाही, बाई." मला मिळत नव्हती ना, म्हणून तिची झोप माझ्या डोळ्यात खुपायची. एवढा साधा हलकटपणा होता तो. मग एका पहाटे ती पाण्याची बादली घेऊन माझ्या मागे येऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्याही. मला वाटलं, आली वठणीवर.

तेवढ्यात कार्तिक लागला. इकडे कार्तिकात बायका-पोरी अंधारातच तलावावर नहायला जातात. सगळ्यांच्या पुढे मी, मागे सून, डोळ्यांखाली काळं. परीक्षेच्या दिवशी मुलगा म्हणाला, "आई, आज तरी तिले झोपू दे."

"आजच तर गेलं पाहिजे," मी म्हटलं. "देवाचं केलं की पेपर सोपा जाते."

देव कुठला आलाय! आमची सून एक दिवसही खाडा करणार नाही, असं मी बायकांना सांगून बसले होते.

दुपारी ती परतली ती थेट मोरीवर गेली आणि कितीतरी वेळ तोंड धूत राहिली. पेपर लिहिता लिहिता तिचं डोकं हातावर टेकलं होतं. पर्यवेक्षक बाईंनी हलवलं तेव्हा अर्धा पेपर कोरा होता आणि वीस मिनिटं उरली होती. मुलगा चपला घालून बाहेर निघून गेला.

संध्याकाळी समोरच्या बाई विचारायला आल्या, पेपर कैसा गया. आणि मी सुनेच्या देखत म्हणाले, "क्या करें, नींद बहुत है इसको." जीभ कशी झडली नाही माझी! सून चहा घेऊन उभी होती. तिनं कप खाली ठेवले आणि म्हणाली, "हव काकी, गलती मेरी ही है."

तिसऱ्या दिवशी ती ओट्यावर तांदूळ निवडत होती, तिच्याजवळ जाऊन बसले.

"मले झोप येत नाही गं," मी म्हटलं. "नेम-बिम काही नाही. तुम्ही गेल्यावर एकटीनं राहायची भीती वाटते."

तिनं मान वर केली नाही. "माहीत आहे, आई. मी एकदा पाणी प्यायले उठली, तर तुम्ही ओट्यावर बसून रडून राहिल्या होत्या. म्हणून तर उठत होती मी. एकट्या कशाले बसाल म्हटलं."

मला ओट्यावरून उठून कुठे तोंड लपवावं असं झालं. तरी विचारलं, "मग त्या दिवशी काकीसमोर बोलली काहून नाही?"

"काय बोलू?" ती म्हणाली. "आम्ही भोपाळले गेल्यावर तुम्हाले याच बायकांत राहायचं आहे ना."