घासून ठेवलेली भिंत
काळ्या मसाल्यासाठी दगडफूल तेलात पडलं की त्याचा मातकट वास घरभर होतो आणि मला जाफराबादकडचं एक दगडी देऊळ आठवतं. त्याच्या मागच्या भिंतीवर दगडफुलाच्याच कुळातली, दगडाला घट्ट चिकटलेली करडी वर्तुळं होती. शास्त्रात त्यांना शैवाक म्हणतात. वर्षाला जेमतेम केसभर वाढणारी ती वर्तुळं मोजायला मी दर हिवाळ्यात जायचे. त्या वर्षी गेले तर देवळापुढे सडा-रांगोळी, मधोमध खुर्ची आणि भोवती ताटं घेतलेल्या बायका. मी भिंतीकडे वळणार, तोच पुजाऱ्याच्या बायकोनं हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि ओढणीत खण, नारळ, तांदूळ घातले. भरली ओटी सांडायची नाही, म्हणून मला उठताही येईना. "मॅडम, तुमी दरसाली यून हेच डाग मोजून राह्यल्या," ती म्हणाली, "आमालाच लाज वाटली. मंग सगळ्या बायांनी मिळून तारेच्या घासणीनं भिंत घासली. आता बिलकुल डाग न्हाई." ओल्या दगडाचा आणि सोड्याचा वास तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आला. तिची बोटं सोलवटली होती. ओरडावंसं वाटत होतं, पण तेवढ्यात कुणीतरी तोंडात पेढा कोंबला. "बराबर झालं ना?" सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "बराबर," मी म्हणाले. आज दगडफूल कढईत टाकलं आणि पुजाऱ्याच्या बायकोचा फोन आला: "मॅडम, यंदा बी भिंत घासून ठेवली. कधी येता?"