फिंतासच्या टेबलावरचं चिलखती विमान

प्लास्टिकच्या विमानाचा पंख चिकटवला की ग्लू सुकेपर्यंत त्याला हात लावता येत नाही. मग माणसं बोलत बसतात. इथे आखातात, फिंतासच्या आमच्या घरी शुक्रवारच्या सुट्टीतले दुपारचे किस्से असेच साठत गेले.

मंडळी दोनच. माझा नवरा नंदू, एक्स-रे टेक्निशियन, आणि हाडांचे डॉक्टर जोगळेकर. मी नर्स, चहा आणि शेरे माझ्याकडे. दोघांना वेड दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत विमानांचं. नंदूचं लाडकं इल-२, पोलादी चिलखताचं. डॉक्टरांचं पे-२, हलकं, वेगवान बॉम्बर.

"वेग असला की गोळी लागतच नाही. चिलखत हवंय कशाला?" डॉक्टर म्हणाले.

"मग पेशंटला प्लास्टर कशाला घालता? पडू नका म्हणून सांगा की," नंदू म्हणाला.

*

एकदा डॉक्टरांचं पार्सल कस्टममध्ये अडकलं. "यात काय आहे?" ऑफिसरने विचारलं.

डॉक्टर पडले सरळमार्गी. म्हणाले, "बॉम्बर."

ऑफिसरने गंभीर चेहऱ्याने खोका उघडला. सुटे पंख, सुटी चाकं, शेपटी वेगळीच. "खलास," तो म्हणाला, "हे तर आधीच पडलंय!"

*

नंदू एकदा नव्याकोऱ्या पंखाला तापल्या सुईने भोकं पाडत बसला होता.

"चांगलं विमान कशाला खराब करतोस?" मी म्हटलं.

"खराब नाही गं. हे मार खाऊन परत आलेलं विमान आहे."

"मग पायलटचा चेहरा पांढराफटक रंगव," डॉक्टर म्हणाले.

*

परवा डॉक्टरांबरोबर त्यांच्या एक वयस्कर पेशंट आल्या. जवळच्या शुऐबा औद्योगिक वसाहतीतल्या एका प्लँटवरच्या रशियन इंजिनिअरची आई, मनगटाला प्लास्टर. मुलगा दुभाष्या म्हणून सोबत.

टेबलावर इल-२ तयार होत आलं होतं. दोन इवलीशी माणसं आणि वरची काच, एवढंच बसवायचं राहिलं होतं. नंदू खुलला. "इंजिन, टाकी, पायलट, सगळं पोलादाच्या आत!"

"आणि मागे मशीनगन घेऊन बसतो तो?" मी विचारलं.

"गनर? चिलखत त्याच्या सीटच्या अलीकडेच संपतं."

मुलाने आईला ते समजावलं. बाई विमानाकडे बघत राहिल्या, मग हळू आवाजात काहीतरी बोलल्या.

"आई म्हणते, विमान परत आलं होतं," मुलगा म्हणाला. "पायलटही आला. तिचे वडील मागे बसायचे."

बाईंनी प्लास्टर नसलेल्या हाताने गनरचं बाहुलं उचललं आणि पुढच्या, पायलटच्या सीटवर बसवलं.

नंदूने काचेच्या कडेला ग्लू लावला आणि ती तशीच वरून बसवली.