बाथरूमचा उंबरा फोडला तेव्हा

बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून सासूबाई पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन वॉकर घेऊन त्या घरी आल्या, पण तो वीतभर उंच उंबरा त्यांना ओलांडता येईना. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोपरखैरण्याच्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये मग मी त्यांना गॅलरीत, चादरीच्या आडोशाला अंघोळ घालायचे. समोरची बिल्डिंग इतकी जवळ की तिथलं बोलणं ऐकू यायचं. त्या डोळे मिटून, अंग चोरून बसायच्या. एकदा म्हणाल्या, "मढ्याला घालतात तशी घालतेस गं अंघोळ."

तांब्या माझ्या हातातच राहिला.

नवरा कंपनीतून आल्या आल्या मी त्याला म्हटलं, "उंबरा काढायचा. जमीन पॅसेजच्या पातळीला आणायची आणि उतार आतल्या कोपऱ्यातल्या जाळीकडे द्यायचा. वॉकर थेट शॉवरखाली गेला पाहिजे." त्याला पटलं. सोसायटीचे सेक्रेटरी मात्र म्हणाले, "आधी खालच्यांना विचारा."

खाली आपा राहायच्या. मूळच्या उरणकडच्या, वाशीत त्यांच्या घरचं कापडाचं दुकान. आमच्या आधीच्या मालकाच्या वेळी गळतीने त्यांच्या बाथरूमचं प्लास्टर फुगून कोसळलं होतं. त्यांची मुलगी नुकतीच न्हाऊन बाहेर आली होती, म्हणून वाचली. आपांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"करा वहिनी. अम्मांसाठी करताय, मी नाही कशी म्हणू? पण टाईल लावायच्या आधी पाणी भरून ठेवायचं. खाली गळतं का ते मी बघणार. मग पुढचं काम."

मला रागच आला. म्हणजे काम आणखी लांबणार आणि सासूबाई तितके दिवस गॅलरीत. पण इलाज नव्हता.

मिस्त्रीने उंबरा फोडला, जुन्या लाद्या उखडल्या. खाली विटांचे तुकडे आणि सिमेंटचा कोबा घातला, त्यावर वॉटरप्रूफिंगचं औषध मिसळलेला थर दिला. तो वाळल्यावर दारात विटांचा तात्पुरता बांध घातला, जाळीत बोळा कोंबला आणि पाणी भरलं. भिंतीवर मी पेन्सिलीने खूण केली. त्या रात्री कुणालाच नीट झोप लागली नाही.

सकाळी पाणी खुणेच्या दोन बोटं खाली होतं.

मी धावत खाली गेले. आपा स्टुलावर चढून छताला हात लावून बघत होत्या. छत कोरडं ठणठणीत. एक थेंब नाही.

"मग पाणी गेलं कुठे?" आपांनी विचारलं. त्या माझ्याबरोबर वर आल्या.

मिस्त्री हसला. "गर्मी है भाभी. सूख गया होगा."

मलाही ते खरं मानायचं होतं. कधी एकदा लाद्या बसतात असं झालं होतं. आपा मात्र हटल्या नाहीत. "एका रात्रीत दोन बोटं सुकतं? माझे कपडे तर दोन दिवस ओले राहतात!"

तेवढ्यात आतल्या खोलीतून पलंगाची करकर ऐकू आली. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीशीच सासूबाईंचा पलंग होता. मी सहज डोकावले. टेबलफॅन लावायला त्या पलंगाच्या कडेवरून ओणवून, भिंतीच्या पायथ्याच्या प्लगकडे हात नेत होत्या. आणि त्या प्लगभोवतीची भिंत काळपट दिसत होती.

"आई, हात लावू नका!"

मी इतक्या जोरात ओरडले की त्या जागच्या जागी थिजल्या. आपांनी पॅसेजमधला मेन स्विच खाली ओढला. मी सासूबाईंना मागे ओढून भिंतीला हात लावला. ओली गच्च होती. मिस्त्रीने प्लगचं झाकण उघडलं तर आतून पाण्याची धार लागली.

मी पलंगावरच बसले. मग सासूबाई रडायला लागल्या. "बुजवून टाका ते सगळं. माझ्यापायी घर जाळायचंय का? मी बसेन गॅलरीत."

"नाही अम्मा," आपा त्यांच्याजवळ बसून म्हणाल्या. "आता तर हे पुरं केल्याशिवाय मीच सोडणार नाही."

चूक मिस्त्रीने कबूल केली. जमिनीवरचा थर त्याने चांगला दिला होता, पण तो भिंतीवर चढवलाच नव्हता. लाद्या उखडताना भिंतीचं खालचं प्लास्टर निघालं होतं आणि त्या उघड्या विटांनी पाणी पिऊन घेतलं होतं. त्याने भिंतींचं प्लास्टर काढलं, जमीन-भिंतीचे सांधे गोलसर भरून घेतले आणि थर छातीपर्यंत चढवला. तोवर त्या खोलीची वीज बंद. सासूबाई हॉलमध्ये झोपायच्या, आणि मी येता-जाता भिंतीवर तळवा ठेवून बघायचे.

पुन्हा पाणी भरलं, भिंतीवर नवी खूण केली. सकाळी आपा पहाटेची, फजरची नमाज आटोपून वर आल्या. आधी त्यांनी खोलीतली भिंत चाचपली, मग बाथरूममध्ये वाकल्या. मला पुढे होऊन बघायचा धीर होईना.

"वहिनी, खुणेला लागून आहे पाणी. या, बघा."

खरखरीत लाद्या बसल्या, भिंतीला धरायला लोखंडी दांडा बसला. सासूबाई वॉकर टेकत आत गेल्या, स्टुलावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "तू जा बाहेर."

"आई, घसराल."

"दार लोट."

मी दार लोटलं आणि बाहेर कान लावून उभी राहिले. वॉकर सरकवल्याचा आवाज आला. नळ फिरला, पाणी पडलं, मग थांबलं. बराच वेळ काहीच ऐकू येईना. माझा हात दारावर गेला.

"अगं, साबण कुठे ठेवलास?" त्या आतून खेकसल्या.

"उजवीकडे कोनाड्यात, आई."

"मिळाला," त्या म्हणाल्या, आणि शॉवर पुन्हा सुरू झाला.