स्वर्गातली रिकामी खुर्ची

नाटक परलोकातल्या प्रेमाचं होतं आणि तिकिटं वहिनीने काढली होती. हेतू चांगला होता. बाबांना जाऊन वर्ष होत आलं तरी आईच्या मनातून कावळा काही जात नव्हता.

तो कावळा असा. दहाव्याला दादरच्या समुद्रावर बाबांच्या पिंडाला कावळा शिवेना, म्हणजे गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिलेली. मग आम्ही वचनांचा सपाटा लावला. दादाने लालबागची खोली विकणार नाही म्हणून सांगितलं, मी आईला सांभाळीन म्हटलं, काकांनी गावच्या देवळाचं रंगकाम अंगावर घेतलं. ते अजून त्यांच्या अंगावरच आहे. कावळा कठड्यावरून उतरून शेजारच्यांचा पिंड खात होता. आई तेवढी एक अक्षर बोलली नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि पुढच्या मंडळींकडे वळले. तेव्हापासून आईचं अन्नावरचं मन उडालं. ह्यांचं काहीतरी राहिलं, एवढंच म्हणायची आणि ताट सरकवायची. वर सगळं छान आहे, बाबा खुशीत वाट बघतायत, हे एकदा स्टेजवर बघितलं की आई शांत होतील, असं वहिनीचं शास्त्र.

तर नाटक. नायक पंचविशीत अपघातात जातो आणि वर बायकोची वाट बघत बसतो. ती खाली ऐंशीपर्यंत जगते. मधल्या काळात तिने घर कसं चालवलं ते लेखकाला विचारू नका. त्याला स्वर्गात जायची घाई. स्वर्गात धूर. इतका, की पहिल्या रांगेतले एक आजोबा खोकता खोकता खरंच वर पोचतात की काय असं वाटलं. म्हातारी धुरात एका बाजूने शिरते आणि दुसऱ्या बाजूने पंचविशीची होऊन बाहेर येते, साडीच्या इस्त्रीसकट. अख्ख्या स्वर्गात एक नातेवाईक नाही. सासू नाही, चुलत जाऊ नाही, ‘तू खंयची गो?’ म्हणून चौकशी करणारं कुणी नाही. असा स्वर्ग खरा असता तर अर्धं परळ आजच निघालं असतं. दोघं एकमेकांना ‘प्रिये’ आणि ‘प्राणनाथा’ म्हणतात. आमच्या घरात अख्खा संसार ‘अहो’ आणि ‘ऐकलंस काय’वर झाला, आणि कुणाचं काही अडलं नाही.

एक प्रवेश मात्र चांगला होता, कबूल करते. त्यात कुणी बोलतच नाही. नायक आपल्या खुर्चीशेजारी दुसरी रिकामी खुर्ची आणून ठेवतो, पुसतो, जरा जवळ ओढतो आणि बघत बसतो. थिएटर चिडीचूप. मी आईच्या कानात म्हटलं, बाबा असते तर खुर्चीवर रुमाल टाकला असता. गावी जाताना एसटी नीट थांबायच्या आत ते खिडकीतून रुमाल टाकून आईची जागा धरायचे. आईने माझा हात घट्ट धरला आणि उठलीच. बाहेर चल म्हणाली.

लॉबीत ती घामाने डबडबली होती. मागून आलेली वहिनी खुशीत. बघा, रडू आलं ना, मोकळं वाटेल आता.

आई माझ्याकडे बघून म्हणाली, “कावळो कशाक शिवाक नाय, ता माका तेव्हाच ठावक होता. तुमी सगळे बोललात. तेंका माझ्याकडना ऐकूचा होता. मी पाठोपाठ येतंय म्हणान.”

“मग?”

“मी बोलाक नाय. माका इतक्यात जावचा नाय गो.”

वहिनीचा चेहरा पडला. ही टोचणी मनात ठेवून आईने वर्षभर ताट सरकवलं होतं, आणि आम्हाला वाटत होतं तिला त्यांच्याकडे जायची ओढ लागलीय. मला तिथेच रडू कोसळलं. आईने पदराने माझे डोळे पुसले, स्वतःचा घाम पुसला आणि काउंटरवर वडे गरम आहेत का ते विचारायला मला पाठवलं.

पहिला वडा संपवून तिने दुसरा घेतला. मी विचारलं, बाबांना काय सांगायचं मग?

“सांग तेंका, रुमाल टाकून ठेवा. मी येतंय सावकाश.”