निधनाच्या चार ओळी

काही लिहावं एवढं माझं शिक्षण नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि अजून शेवटचं वर्ष बाकी आहे. तरी लिहितो आहे, वाचणाऱ्यांनी माफ करावं.

बाबा सातवी शिकलेले. माडांची बाग सांभाळून त्यांनी वीसेक वर्षं जिल्ह्याच्या एका दैनिकाला तारकर्लीच्या बातम्या पाठवल्या. त्यातल्या बऱ्याच निधनाच्या. आमची भावकी देवगडपासून सावंतवाडीपर्यंत पांगलेली. कोण गेलं आणि सुतक कोणाला लागलं, हे पेपर बघून कळायचं. बाबा मयताच्या घरी जाऊन बसत, सुना-नातवंडांपर्यंत सगळं विचारून घेत, बाराव्याचा दिवस मात्र दोनदा विचारत. "माणूस बाराव्याक तरी पोचाक होयो," म्हणत.

दोन वर्षांपूर्वी दैनिकाने तालुक्याचं पान बंद केलं. बाबांना कोणी कळवलं नाही. पाठवलेलं छापून येईना, तेव्हा त्यांना समजलं. त्याच सुमारास मला कॉलेज सांभाळून एका बातम्यांच्या पोर्टलवर काम मिळालं. बाबांकडे साधा फोन, पोर्टल त्यांनी कधी पाहिलंच नाही, पण आल्यागेल्याला सांगायचे, आता हे सगळं आमचा झील बघतो. मलाही वाटलं होतं, कागद गेला तरी काम राहील.

पहिल्याच आठवड्यात मालकांनी मला शांतपणे समजावलं. निधनाच्या बातम्या कोणी उघडत नाही, आणि कोणी उघडलं नाही तर जाहिरात मिळत नाही. पुढारी असला तर घे, बाकी सोड. मी वाद घातला नाही. पर्यटकांची भांडणं, किनाऱ्याला लागलेला मोठा मासा, असलं टाकत राहिलो. त्यावरही पोर्टल जेमतेम चालतं, किती दिवस चालेल ते मालकही सांगत नाहीत. मेसेजवर ‘दुःखद निधन’ एवढं दिसलं की मी तो न उघडताच पुसून टाकायचो. घरी हे बोललो नाही.

गेल्या महिन्यात आमच्याकडे सत्यनारायण झाला. त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका रविवारी, जामसंड्याहून बाबांच्या चुलतवहिनीचा फोन आला. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर होता. मी समोरच बसलो होतो.

"बाराव्याक तुमची वाट बघलंव, भावजीनू," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुमचो झील बातम्यांच्याच कामाक आसा, म्हणान येगळो फोन नाय केलो. बातमी तेकाच धाडलंव."

बाबांनी एवढंच विचारलं, कधी. सव्वीस दिवस झाले होते. म्हणजे पूजा सुतकातच झाली होती.

बाबांनी फोन ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. आत आईला हाक मारून म्हणाले, "आंघोळीचा पाणी काढ गो. जामसंड्याचो दादा गेलो."