‘जेवनू’चं बटन

धुळ्याच्या दवाखान्यात मित्राच्या जिभेचं ऑपरेशन झालं, त्याच्या तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो आणि खुर्ची ओढून त्याला म्हणालो, "अरे, गप्प काय पडलास? बोल ना काहीतरी!"

जीभ काढून टाकलेल्या माणसाला मी हे म्हणालो. जळगावहून निघाल्यापासून एसटीत मी घोकत आलो होतो, की आजाराचा विषय काढायचा नाही, हलकंफुलकं बोलायचं. ते असं हलकंफुलकं निघालं. उशाशी बसलेल्या त्याच्या मायने पदर तोंडाला लावला. मित्राने मात्र दवाखान्याने दिलेली छोटी पाटी मांडीवर घेतली आणि लिहिलं, "तूच बोल. मी सुट्टीवर आहे."

आम्ही दोघं जळगावात एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून केळीच्या वखारींसाठी प्रोग्रॅम लिहायचो. तो गुटखा खायचा, मी सुपारी खायचो आणि त्याला गुटख्यावर भाषण द्यायचो. त्याचं मूळ गाव भडगावजवळ, नदीकाठी. माय आणि धाकटा भाऊ तिथेच, शेतावर.

पाटी माझ्यासाठी ठीक होती. मायला वाचता येत नव्हतं. आणि घोटाळा असा झाला होता, की लेकाच्या नाकात नळी गेल्यापासून मायने जेवण सोडलं होतं. त्याला नळीतून पातळ देतात, मग माझ्या घशाखाली भाकरी कशी उतरेल, असं तिचं म्हणणं. तो खुणा करायचा, ती मान फिरवायची. त्याने पाटीवर मला लिहून दिलं, "ती आधी जाईल माझ्या."

आता हे माझं काम, असं मला वाटलं. लिहिलेलं वाचून दाखवणारे आवाज हल्ली टॅबमध्ये असतातच. मी आठवड्याभरात एक प्रोग्रॅम केला: मोठी अक्षरं, त्याने टाइप करायचं, टॅबने बोलायचं. मी छाती काढून तो धुळ्याला नेला. मित्राने टाइप केलं आणि टॅबमधून बाईचा स्वच्छ आवाज आला, "आई, तुझं जेवण झालं का?"

माय ताडकन उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा करून टॅबला म्हणाली, "हो बाई, झायं."

तिला वाटलं, दवाखान्यातली कोणी मॅडम विचारते आहे. आम्ही तिला समजावलं, की हा तुझा लेकच बोलतो आहे. तेव्हा ती आणखी खचली. त्यांच्या घरात मराठी मास्तरशी, तलाठ्याशी, सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांशी बोलायची. मायशी अहिराणीच. शाळेत असताना रुसला की हा मुद्दाम तिच्याशी मराठीत बोलायचा आणि ती रडकुंडीला यायची. माय मला हळूच म्हणाली, "तो मनावर चिडेल शे का रे भो?" लेक आपल्यावर रागावला आहे, असं तिला वाटलं.

त्या दिवशीही ती जेवली नाही.

मित्राने माझ्याकडे पाहिलं आणि पाटीवर लिहिलं, "वखारवाल्यांना देतोस तशी खिडकी मला पण दे."

खिडकी म्हणजे काय, ते सांगतो. केळीच्या प्रत्येक व्यापाऱ्याची तऱ्हा वेगळी. देठाचं वजन किती वजा करायचं, डागी माल कसा धरायचा, सगळे नियम ज्याचे त्याचे, आणि ते सणासुदीला बदलणार. दर वेळी मोठा प्रोग्रॅम उघडून दुरुस्त करायचा म्हणजे मरण. म्हणून आम्ही मोठ्या प्रोग्रॅमच्या पोटात दुसरीच एक छोटी, सुटसुटीत भाषा बसवायचो. तिलाच आम्ही खिडकी म्हणायचो. मोठा प्रोग्रॅम जावा नावाच्या भाषेत, पोटातली छोटी भाषा लुआ. नियम त्या छोट्या भाषेत पाच-सात ओळींत लिहायचे. मोठा प्रोग्रॅम चालता चालता त्या ओळी वाचतो आणि जागच्या जागी चालवतो. मोठा यजमान, छोटा पाहुणा. यजमान जे देईल तेवढंच पाहुण्याला मिळतं. बोल म्हटलं तर बोलता येईल, घड्याळ बघता येईल, पण कपाट उघडता येणार नाही.

मी तशी सोय करून दिली. सवयीने कुलपंही भरपूर घातली. पाहुण्याने एकच ओळ न थांबता पुन्हा पुन्हा चालवत ठेवली तर यजमान अडकून पडतो, म्हणून मुदत घातली. मित्राने ते बघितलं आणि टाइप केलं. टॅबमधल्या बाईने स्वच्छ आवाजात मला विचारलं, "पाहुणा बोलावला आहेस का कैदी?" शेजारच्या खाटेवरचा माणूसही हसला. मी कुलपं काढली.

मग तो पडल्या पडल्या लिहीत सुटला. बाईने शब्द कुठे तोडायचा, कुठे ओढायचा, कुठे थांबायचं, हे सगळं तो त्या छोट्या भाषेत तिला शिकवत होता. एखादं लहान बटन दाबलं की अख्खं वाक्य. पुढच्या खेपेला मी गेलो, तेव्हा त्याने बटन दाबलं आणि तीच मॅडम म्हणाली, "माय, जेवनी का? जेवी ले ना व माय."

माय बघतच राहिली. मग खुदकन हसली. त्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा. "बाई शिकी गयी!" म्हणाली, आणि डबा उघडून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तिथेच त्याच्यासमोर खाल्ली. तो तिच्या प्रत्येक घासाकडे बघत होता. स्वतःच्या नाकातली नळी धरून.

आजार पुढे मानेत उतरला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. भडगावकडच्या त्या घरात दुखण्याच्या औषधाने तो संध्याकाळी ग्लानीत असायचा आणि नेमकी तीच मायची जेवायची वेळ. बटनापर्यंत हात जाईना. तेव्हा शुद्धीत असताना एका दुपारी त्याने शेवटच्या ओळी लिहिल्या: दिवेलागण झाली की आपोआप विचारायचं, थोडं थांबायचं, पुन्हा आग्रह करायचा. तसं होऊ लागलं. तो खाटेवर डोळे मिटून पडलेला, कोनाड्यातला टॅब विचारायचा, "माय, जेवनी का?" माय खाटेकडे बघून सांगायची, "जेवसु बेटा." आणि जेवायची.

पोळ्याच्या आधी तो गेला. मी खांदा दिला. रडलो नाही, पण परत येताना एसटीत कंडक्टरने तिकीट विचारलं तर मला कुठे जायचं ते सांगता आलं नाही.

तेरावं झालं आणि त्याच्या धाकट्या भावाचा फोन आला.

"दादा, ते यंत्र बंद करा हो. रोज दिवा लागला की आमचा गेलेला दादा त्यातून विचारतो. माझी बायको त्या खोलीत जात नाही."

"अरे मग तूच बंद कर. बाजूचं बटन दाबून धर."

"माय हात लावू देत नाही. तुम्हीच या. तुमचं ती ऐकेल."

मी गेलो. गेलो तेव्हा दिवेलागणच होती. माय कोनाड्यासमोर ताट वाढून बसली होती, आणि ताटातलं निवत होतं. टॅबने विचारलं. मायने सांगितलं, "जेवनू बेटा, काल बी जेवनू." टॅब थोडं थांबला आणि पुन्हा म्हणाला, "जेवी ले ना व माय."

माय माझ्याकडे वळली. "देख. विचारस, पन आयकस नही. मी रोज सांगस. तरी दुसरे दिन तेच. त्याले समाधान नही शे. त्याले कळी जाई असं काहीतरी कर."

मित्राचे कान शेवटपर्यंत शाबूत होते. त्याची फक्त जीभ गेली होती. म्हणून मी प्रोग्रॅमला तोंड दिलं होतं, कान द्यायचं मला सुचलंच नव्हतं. तो गेल्यावर त्याच्या ओळी तेवढ्या माझ्या प्रोग्रॅमच्या पोटात चालत राहिल्या. त्यांना कोणी सांगणार नव्हतं, की लिहिणारा आता नाही.

रात्री तिथेच राहिलो. सकाळी टॅब मांडीवर घेतला. त्याच्या ओळी मी खोडू शकलो नाही. त्याने जसं लिहिलं होतं तसंच ठेवलं. यजमानाच्या बाजूने एक मोठं बटन दिलं, मायला वाचता येत नाही म्हणून हिरवंगार, आणि वर लिहिलं, ‘जेवनू’, म्हणजे जेवले. ते दाबलं की त्याच्या ओळींना निरोप पोचणार, आणि त्या पुन्हा कधी चालणार नाहीत. दिसायला सोपं, वापरायला सोपं, कोणाला विचारायला नको. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

मायला समजावून सांगितलं. तिने बटनावरून बोट न टेकवता फिरवलं.

"हाई दाबं, का त्याले कळी जाई?"

"हो."

"मंग तो परत कव्हयच नही बोलस?"

"नाही माय. त्याला आराम."

टॅब पदराने पुसून तिने कोनाड्यात ठेवला. भाऊ मला गाडीपर्यंत सोडायला आला आणि दोनदा म्हणाला, "बरं केलं दादा."

जळगावला घरी आलो, हातपाय धुतले, ताटावर बसलो आणि बायकोला सगळं रंगवून सांगितलं. खिडकी, यजमान, पाहुणा, हिरवं बटन. ती पोळी वाढता वाढता ऐकत होती. बटनापाशी तिचा हात थांबला.

"म्हणजे," ती म्हणाली, "लेकाला गप्प करायचं काम तुम्ही त्याच्या आईच्या हातात देऊन आलात?"

मी घास परत ताटात ठेवला. बाहेर चांगलंच अंधारलं होतं. तिकडे कोनाड्यातून एव्हाना विचारून झालं असणार.

बायकोने पोळी तव्यावर परत टाकली, गॅस बंद केला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"उद्या पहिल्या गाडीत मला बसवून द्या," ती म्हणाली. "चार दिवस राहीन म्हणते. त्यांच्याशेजारी बसून जेवीन. आणि तुम्ही येऊ नका. तुम्ही याल आणि पुन्हा काहीतरी बसवाल."